ही देवी नव्हे, बिब्बा लावू नका

लेकराच्या मानेवर, काखेत किंवा पोटावर मोत्यासारखे चकचकीत, घट्ट दाणे उठतात. मध्यभागी बेंबीसारखा खळगा असतो. ते पाहून वस्तीवरची जुनी माणसे धास्तावतात, "देवी तर नव्हे?" नव्हे. देवी भारतातून १९७५ मध्येच गेली. देवीत मूल तापाने फणफणत असे; या दाण्यांमुळे ताप येत नाही. हा मोलस्कम नावाचा विषाणूजन्य त्वचारोग आहे.

खंडाळ्याकडच्या वाड्यावस्त्यांवर जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी घरोघर एकच गोष्ट सांगावी. दाण्यांवर बिब्बा किंवा चुना लावू नका, तापल्या सुईने डागू नका, नखाने फोडू नका. बहुतेक मुलांचे दाणे ६ ते १८ महिन्यांत आपोआप जातात, सहसा व्रणही राहत नाही. बिब्ब्याने भाजलेली खूण मात्र जन्मभर राहू शकते.

हा रोग स्पर्शाने, एकाच पंचाने अंग पुसल्याने पसरतो. खाजवल्यास मुलाच्याच अंगावर नवे दाणे उठतात. म्हणून नखे कापावीत, पंचा व कपडे वेगळे ठेवावेत, दाणे कपड्याने झाकावेत. आंघोळ बंद करू नये, शाळाही बुडवू नये.

दाणा डोळ्याजवळ असेल, लाल होऊन पू धरला असेल किंवा ताप असेल, तर आशाताईंना सांगून सरकारी दवाखाना गाठावा. दाणे काढायचे की नाही, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. बाकी मुलांना औषध लागत नाही. आईबापांचा धीर लागतो.