आदत, चौसा आणि हजार मीटर

शहापूर-मुरबाड भागात छकड्यांच्या शर्यतींना रंग चढतो तो भातकापणीनंतर. खाचरे सुकली की बांध सपाट करून धावपट्टी तयार होते. ठाणे-रायगडकडे बिनजोड शर्यतीचा नाद मोठा: दोन छकडे, सरळ पट्टी, एकच धाव. अमेरिकेतल्या मोटारींच्या ड्रॅग रेसचा साचाही हाच. दोन गाड्या उभ्या जागेवरून सुटतात आणि पाव मैलात, म्हणजे सुमारे ४०२ मीटरांत, निकाल लागतो. वळण नाही, मागून गाठायला अवधी नाही. त्यामुळे खरे भांडण गाड्या सुटण्याआधीचे असते: कोणासमोर कोणाला उभे करायचे?

बैलांच्या शर्यतीत याचे उत्तर दातांत शोधतात. बैलाला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, एकूण आठ. दुधाचे दात शाबूत असतील तो आदत. सुमारे दोन-अडीच वर्षांचा झाला की मधली जोडी पडून रुंद, पक्के दात येतात, तो दुसा. पुढची जोडी आली की चौसा, मग सहादाती, आणि आठही आले की जुळलेला. पौष पौर्णिमेला भरणाऱ्या मुरबाड तालुक्यातल्या म्हसा यात्रेत बैलबाजार मोठा असतो. तिथे गिऱ्हाईक आधी खालचा ओठ अंगठ्याने खाली ओढून पाहते, भावाचे बोलणे नंतर. शर्यतीच्या मैदानातही तपासणीची हीच रीत. आदत गटात चौसा घुसवला की हरकत आलीच.

वय सारखे केले तरी जात सारखी होत नाही. शहापूर, इगतपुरी, अकोले हा डांगी बैलाचा मुलूख. अंग जड, कातडी तेलकट, खूर कठीण. धो धो पावसात चिखलणी करावी ती त्यानेच. पळण्याच्या बाबतीत मात्र सांगली-सोलापूर-साताऱ्याकडचा उंच, सडपातळ खिल्लार त्याला मागे टाकतो. जातीनुसार वेगळे गट सहसा नसतात, म्हणून शर्यतीचा शौकीन मालक खिल्लारावरच पैसा लावतो. डांगी शेताकडेच राहतो. यात अन्याय आहे असे कोणी म्हणत नाही, पण बरोबरीची लढत म्हणावी अशीही ही व्यवस्था नाही.

ड्रॅग रेसमध्ये नेमका हाच पेच कंपन्यांच्या नावाने उभा राहिला. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी स्थापन केलेल्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनने १९७० मध्ये प्रो स्टॉक हा गट सुरू केला. क्रायस्लरचे हेमी इंजिन इतके सरस ठरले की इतरांना आशा उरेना. तेव्हा संस्थेने वजनाचा तराजू हाती घेतला. गाडीचे किमान वजन इंजिनाच्या आकारमानाच्या हिशेबात ठरत होतेच; १९७२ मध्ये लहान इंजिनाच्या हलक्या गाड्यांना सवलत मिळाली. बिल जेन्किन्स यांच्या ‘वेगा’ या छोट्या शेव्हरोले गाडीने त्या मोसमात बाजी मारली. मग क्रायस्लरवाल्यांची तक्रार सुरू झाली. पुढे १९८२ मध्ये सर्वांसाठी ५०० घनइंचांची एकच मर्यादा आली. मोटारसायकलींच्या गटात आजही दोन सिलिंडरांच्या आणि चार सिलिंडरांच्या गाड्यांना वजनाचे नियम वेगवेगळे आहेत. तराजू थोडा हलवला की एक बाजू सुखावते, दुसरी बोंब मारते.

ड्रॅग रेसमध्ये अंतराचा नियम बदलला तो अपघातानंतर. जून २००८ मध्ये स्कॉट कलिटा या चालकाचा पात्रता फेरीत मृत्यू झाला आणि सर्वांत वेगवान दोन गटांची धाव पाव मैलावरून १,००० फुटांवर आली. तिथे हा निर्णय शर्यत भरवणाऱ्या संस्थेने घेतला. बैलांच्या शर्यतीचे नियम न्यायालयातून आणि विधिमंडळातून आले. ११ जुलै २०११ च्या केंद्रीय अधिसूचनेने खेळ-प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम केली. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही, हे त्यातले एक कारण. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, पण तोही न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना वाट दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली.

राज्याच्या नियमांनुसार धाव १,००० मीटरांपेक्षा लांब नको. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, ५० हजार रुपयांची अनामत आणि पशुवैद्यकाचा दाखला लागतो. चाबूक, काठी, विजेचा झटका देणारी साधने बंद. काठी गेल्यामुळे गाडीवानाच्या हाती कासरा उरला आणि तोंडी आरोळी. हे सगळे नियम बैलाला होणारा त्रास रोखण्यासाठी आहेत. आदतासमोर चौसा उभा राहिला तर काय करायचे, हे मैदानातले पंचच ठरवतात, बैलाचा ओठ खाली ओढून.