उसाची नोंद, काटा आणि उत्पादकाचा विश्वास

दिवाळी मागे पडली की बेळगाव, चिकोडी, निपाणी परिसरातील साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि दूधगंगा-वेदगंगेच्या काठच्या ऊस उत्पादकाला एकच प्रश्न सतावू लागतो : आपल्या उसाला तोड केव्हा मिळणार? वर्ष-दीड वर्ष जोपासलेल्या पिकाचे मोल या एका तारखेवर बऱ्याच अंशी अवलंबून असते. ही तारीख ठरविण्याच्या कामी संगणकाचे साहाय्य कसे होते आणि त्याची मर्यादा कोणती, हे प्रत्येक उत्पादकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

अनेक हातांचे काम

ऊस शेतातून गव्हाणीपर्यंत पोहोचतो तो अनेकांच्या सहकार्याने. शेती विभागाचा कर्मचारी लागणीची नोंद घेतो, तोडणी टोळी ऊस तोडते, वाहतूकदार तो कारखान्यावर आणतो, काट्यावर वजन होते आणि शेवटी हिशेब विभाग बिल काढतो. यांपैकी एकाचा जरी मेळ चुकला, तरी नुकसान सर्वांचे होते. तोडलेला ऊस पडून राहिल्यास त्यातील पाणी उडून वजन घटते. हा तोटा शेतकऱ्याचा. त्याचबरोबर उसातील साखरेचे विघटन होऊन तिचे न गोठणाऱ्या शर्करेत रूपांतर होते आणि साखर उतारा घसरतो. हा तोटा कारखान्याचा. पुढे हाच तोटा पुन्हा शेतकऱ्याकडे येतो. कारण, केंद्र शासन ठरवीत असलेला उसाचा रास्त व किफायतशीर दर साखर उताऱ्याशी निगडित आहे.

एका दिवशी गाळपक्षमतेहून अधिक ऊस तुटला, तर कारखान्याच्या आवारात गाड्यांच्या रांगा लागतात. कमी तुटला, तर गाळप थांबते. लागणीची तारीख, उसाची जात, क्षेत्र आणि टोळ्यांची संख्या ही माहिती एकत्र असेल, तरच हा तोल सांभाळता येतो. वहीवर हे काम दिवसेंदिवस चाले. संगणक ते क्षणार्धात करतो. किंबहुना, सर्व विभागांसमोर एकच नोंद असणे हा त्याचा खरा लाभ होय.

वारणेचा अनुभव

या दृष्टीने कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर येथील प्रयोग उद्बोधक आहे. सन १९९८ मध्ये केंद्र शासन, महाराष्ट्र शासन व वारणा सहकारी समूह यांनी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या साहाय्याने परिसरातील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याची योजना हाती घेतली. शेती, आरोग्य, शिक्षण अशा नाना विषयांची माहिती गावातच मिळावी, असा हेतू होता. प्रत्यक्षात गावकेंद्रांतील संगणकांचा उपयोग मुख्यतः ऊसनोंद, तोडणी परवाना, वजन व खताचा हिशेब यांसाठीच झाला. कारखान्याचे काम सुकर झाले. तथापि, संकल्पित उद्दिष्टांपैकी बरीच मागे राहिली.

पुढे सन २००६-०७ च्या सुमारास सात गावांत एक साधा पर्याय अजमावण्यात आला. शेतकऱ्याने भ्रमणध्वनीवरून संदेश पाठवावा आणि आपला ऊस किती टन भरला, खत किती उचलले, तोडणी परवाना केव्हा निघाला, याचे उत्तर त्याला घरबसल्या मिळावे. हा प्रयोग शेतकऱ्यांना पसंत पडला. आपल्याविषयीची नोंद आपल्याला पाहता येते, ही त्यातील मोलाची गोष्ट होती.

विश्वास कशाने वाढतो?

इलेक्ट्रॉनिक काटा बसविला म्हणजे शंका आपोआप मिटते, असे नव्हे. भरलेल्या गाडीचे व मोकळ्या गाडीचे वजन उत्पादकाला दिसले पाहिजे, त्याची छापील पावती त्याच क्षणी मिळाली पाहिजे आणि काट्याची वैध मापन विभागाकडून पडताळणी झालेली असली पाहिजे. तोडीच्या क्रमाचेही तसेच आहे. संगणकाने लावलेला क्रम कचेरीतच राहिला, तर वशिल्याचा संशय कायम राहतो. तोच गावात लावला, तर आपल्या आधी कोणाचा ऊस तुटला आणि तो का, हे ज्याचे त्याला कळते.

ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ अन्वये ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत बिल देणे बंधनकारक असून विलंबास वार्षिक १५ टक्के व्याज देय आहे. ऊस पोहोचल्याची तारीख पावतीवर व संगणकात एकच असेल, तरच या तरतुदीचा आधार शेतकऱ्याला घेता येतो.

सीमाभागात आणखी एक दक्षता आवश्यक आहे. येथे कन्नड व मराठी या दोन्ही भाषा बोलणारे उत्पादक शेजारी-शेजारी नांदतात. पावती वा संदेश ज्याला वाचता येत नाही, त्याच्या दृष्टीने ती माहिती असून नसल्यासारखीच. दोन्ही भाषांतील संदेश आणि गरजेप्रमाणे शिक्षक वा सुशिक्षित तरुणांचे साहाय्य यांमुळे ही उणीव भरून निघू शकेल.

शेतकरी बांधवांनीही लागणीची नोंद वेळेवर करावी, क्षेत्र व तारीख पडताळून पाहावी, प्रत्येक पावती जपून ठेवावी आणि चूक आढळताच लेखी कळवावे. संगणकात चुकीची नोंद गेली, तर हिशेबही चुकीचाच निघणार. नोंद खरी असेल आणि ती दोन्ही बाजूंना सारखीच दिसेल, तरच उसाबरोबर विश्वासही कारखान्यापर्यंत पोहोचेल.