चुलीपुढची शब्बाथशाळा

मराठी ख्रिस्ती माणसाला विचारा, तुला धर्म कुणी शिकवला? आधी तो पाळकसाहेबांचं नाव घेईल, मग शब्बाथशाळेतल्या, म्हणजे रविवारच्या धर्मवर्गातल्या, बाईंचं. जरा वेळ बोलत बसलात की गाडी आईवर येते. प्रभूची प्रार्थना तिने भाकरी थापता थापता म्हणून घेतलेली असते. दहा आज्ञा अंघोळ घालताना पाठ करून घेतलेल्या असतात, आणि सातवी, ‘व्यभिचार करू नको’ ही आज्ञा म्हणजे काय असं पोराने विचारल्यावर ‘मोठा झालास की कळेल, मान खाली घे’ असं म्हणून डोक्यावर तांब्या ओतलेला असतो.

चर्चच्या इतिहासात या शिकवणीची नोंद फारशी नाही. इतिहास मिशनांचा लिहिला गेला, शाळांचा, दवाखान्यांचा, छापखान्यांचा. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, ठाणं केलं. 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघालं. कुठल्या गावी कोणत्या साली मंडळी स्थापन झाली, हे सगळं नीट लिहून ठेवलेलं आहे. त्या मंडळीतल्या घरांत संध्याकाळी काय होत होतं, ते मात्र माणसांच्या आठवणींतूनच गोळा करावं लागतं.

नगर-श्रीरामपूर-जालना पट्ट्यातल्या घरांत ही संध्याकाळ बरीचशी सारखी असते. जेवणाआधी किंवा जेवणानंतर सगळे सतरंजीवर बसतात. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातलं एखादं गीत होतं, त्यातली कितीतरी रेव्हरंड ना. वा. टिळकांची, भजनाच्या चालीवरची. घरात पेटी नसली तरी टाळ्या असतात. मग शास्त्रपाठ. एकेकाने एकेक वचन वाचायचं, पाळीपाळीने. नुकतं वाचायला लागलेलं पोर ‘नबुखद्नेस्सर’ या नावापाशी अडखळतं आणि मोठी भावंडं फिदीफिदी हसतात. आई त्यांच्याकडे नुसतं बघते. पवित्र शास्त्रातल्या असल्या अवघड नावांवर किती मराठी मुलांची जोडाक्षरं पक्की झाली, याचा हिशोब शिक्षण खात्याने कधीतरी घ्यायला हवा.

त्यानंतर आईची प्रार्थना. बापाची प्रार्थना छापील असते, दोन मिनिटांत आटोपते. आईची लांबते, कारण तिच्यात अख्खं गाव असतं. जालन्याची मावशी, तिचं गुडघ्याचं ऑपरेशन, शेजारच्या काकूंची आटलेली म्हैस, दारू सुटत नसलेला मामा, दहावीची परीक्षा, विहिरीचं पाणी. शेजारच्या काकू ख्रिस्ती नसतात, हे इथे कुणाच्या ध्यानातही येत नाही. रोज ऐकून ऐकून मुलाला कळत जातं की आपण कुणाकुणाची काळजी करायची असते. मधेच एखादं वाक्य येतं, ‘आणि प्रभू, धाकट्याला खरं बोलायची बुद्धी दे.’ धाकट्याने दुपारी डब्यातला गूळ खाल्लेला असतो. डोळे मिटलेले, हात जोडलेले, पळायला जागा नाही. घरातला न्यायनिवाडा असा थेट वरच्या कोर्टात नेण्याची ही युक्ती मराठी ख्रिस्ती आयांनी फार पूर्वीपासून वापरली आहे, आणि तिच्यावर अपील नाही.

यातून मुलं प्रार्थना शिकतात, तसंच बोलायलाही शिकतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाला ‘आज तू कर’ म्हटलं जातं, आणि तो चार माणसांसमोर, न अडखळता, स्वतःच्या शब्दांत बोलतो. पुढे मंडळीत, शाळेत, संघटनेत उभं राहून बोलणारी माणसं या समाजात बरीच निघाली, त्याचं एक कारण ही सतरंजी आहे असं मला वाटतं.

मुखपाठ हे दुसरं खातं. रविवारी शब्बाथशाळेत वचन म्हणून दाखवायचं असतं आणि ते पाठ करून घेण्याचं काम शनिवारी आईवर येतं. आळशी मुलाचा एक ठरलेला तोडगा असतो. योहानाच्या अकराव्या अध्यायातलं, लाजराच्या कबरेपाशी येशूला रडू आल्याचं वचन मराठीत अवघ्या दोन शब्दांचं आहे. तेच ठोकून द्यायचं. शहाणी आई तेवढ्यावर सोडत नाही, ‘का रडला?’ म्हणून विचारते. मग मित्र मेल्याची गोष्ट सांगावी लागते आणि वचनापेक्षा गोष्टच जास्त दिवस टिकते. 23वं स्तोत्र आणि 121वं स्तोत्र बहुतेक घरांत असंच तोंडी उतरलेलं असतं. लिहिता-वाचता न येणाऱ्या आज्यांनाही ती अख्खी पाठ होती. घरोघर फिरून बायकांना शास्त्र वाचून दाखवणाऱ्या आणि जमलं तर अक्षरओळख करून देणाऱ्या ‘बायबल-बायां’चं ते काम. मिशनच्या पगारपत्रकात त्यांचं स्थान खाली असेल, पण घराच्या आत पोचल्या त्या त्याच.

शास्त्रातही या बायका आहेत. पौल तीमथ्याला पत्र लिहितो तेव्हा त्याच्या विश्वासाचं मूळ त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात दाखवतो. बाप ग्रीक होता, एवढंच प्रेषितांच्या कृत्यांत येतं. नीतिसूत्रांचा शेवटचा अध्याय तर लमुएल राजाला त्याच्या आईने दिलेल्या शिकवणीनेच सुरू होतो. मला सगळ्यांत जवळची वाटते ती हन्ना. नवसाने झालेला मुलगा तिने मंदिरात सेवेला ठेवला आणि दरवर्षी त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून ती घेऊन जायची. पोर वाढतंय, म्हणजे दरवर्षी माप बदलणार. ते माप ती मनात कसं धरत असेल, हे शास्त्रकाराने लिहिलेलं नाही.

मराठीत या आईपणाचं सगळ्यांत जिवंत चित्र कुठे असेल तर लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात. 1868चा जन्म, सोवळ्याने पछाडलेल्या वडिलांच्या घरातलं बालपण. पती नारायण वामन टिळकांनी (वर आलेल्या गीतांचे कर्ते ते हेच) 1895 मध्ये मुंबईला बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लहानग्या दत्तूला घेऊन त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या. परत आल्या तरी सोवळं सोडून नव्हे. नवऱ्याचा धर्म नवऱ्याचा, आपली चूल आपली. जातीचा पीळ त्यांनी स्वतःशी वाद घालून, हळूहळू सोडला आणि 1900 मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतला. म्हणजे ज्या घरात पुढे कितीतरी अनाथ आणि विद्यार्थी पोरं वाढली, त्या घराच्या आईने आधी स्वतःला शिकवलं होतं. उपदेश करताना त्यांना हसू आवरत नाही आणि चूक झाली तर ती लपवण्याचं त्यांच्या मनातही येत नाही. ‘स्मृतिचित्रे’ लिहून झाली ती तोच दत्तू, म्हणजे मुलगा देवदत्त, मागे लागला म्हणून. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही त्यांनीच पुढे नेलं. आईने मुलाला शिकवलं आणि मुलाने आईला लिहितं ठेवलं, असा हा व्यवहार आहे.

पंडिता रमाबाईंची गोष्ट वेगळ्या वाटेने आईच्या शिकवणीपाशीच येते. त्यांच्या आईने, लक्ष्मीबाई डोंगरे यांनी, वणवण भटकंतीतही मुलीला संस्कृत शिकवलं. त्या मुलीने पुढे केडगावच्या मुक्ती मिशनात दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींना अक्षर आणि हातांना काम दिलं, आणि इब्री-ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं. हेतू एकच, नुकत्याच वाचायला शिकलेल्या बाईला ते समजावं. मुक्तीच्याच छापखान्यात ते छापलं गेलं. रमाबाई 1922 मध्ये गेल्या आणि संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आलं. विद्वानांनी त्या भाषांतराला जेवढं महत्त्व द्यायला हवं होतं तेवढं दिलेलं नाही.

वसईकडे वळलं की रंग बदलतो. 1534 ते 1739 असा दोनशे वर्षं तिथे पोर्तुगीज अंमल होता. घरं कॅथलिक, बोली सामवेदी किंवा वाडवळी. तिथे संध्याकाळी जपमाळ होते. पाच दशकं, प्रत्येकात दहा ‘नमो मरिया’. पोरं तिसऱ्या दशकाला पेंगतात आणि आई ओळ न चुकवता कोपराने ढोसते. बागेत राबणाऱ्या, भाजीची नाहीतर केळीची पाटी घेऊन पहाटेची गाडी धरणाऱ्या बायका दिवसभर दमलेल्या असतात, तरी माळ चुकत नाही. उपवासकाळात, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, मुलांनी एखादी आवडती गोष्ट सोडायची आणि वाचलेले पैसे डब्यात टाकायचे. तो डबा पुढे गरिबांसाठी चर्चमध्ये जातो. ‘सोडलं’ आणि ‘दिलं’ या दोन्हींची गाठ आई इथे घालून देते, ही मला कॅथलिक घरांतली सर्वांत चांगली शिकवण वाटते. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या ‘हरित वसई’च्या, म्हणजे तिथलं पर्यावरण वाचवण्याच्या, लढ्यात बायका एवढ्या संख्येने रस्त्यावर का उतरल्या, याचं उत्तरही या घरांत थोडंफार सापडेल.

गोव्यात तर ही शिकवण छंदातच बसवली गेली. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राचोलला छापलं गेलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. ओवी हा जात्यावर बसलेल्या बाईचा छंद. नव्या धर्माला घरात शिरायचं तर त्याच उंबऱ्यावरून जायला हवं, हे त्या इंग्रज जेजुइटाने बरोबर ओळखलं होतं.

हे सगळं सांगताना एक गोष्ट दडवून चालणार नाही. मराठवाड्यातले आणि नगरचे बहुसंख्य ख्रिस्ती पूर्वाश्रमीचे दलित. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा आधी फक्त हिंदूंना दिला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. त्यामुळे कित्येक घरांत मुलाला दोन नावं असतात, एक चर्चच्या वहीतलं आणि एक शाळेच्या दाखल्यावरचं. खोटं बोलू नको असं रोज सांगणाऱ्या आईलाच, कुठे कोणतं नाव सांगायचं हेही सांगावं लागतं. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा असतो, पुढे नोकरी असते. मुलगा विचारतो, ‘आई, हे खोटं नाही का?’ यावर उत्तर देणारी आई मला अजून भेटलेली नाही; बहुतेक जणी ‘जेवायला चल’ म्हणतात. त्यांना दोष देण्याआधी हा पेच कुणी घातला ते बघावं.

शिकवणीतले दोषही आहेत. ‘देव बघतोय’ हे वाक्य धाक म्हणून इतकं वापरलं जातं की काही मुलांच्या मनात देव म्हणजे दाराआड उभा असलेला मास्तर होऊन बसतो. क्षमेचं ओझं मुलीवर जास्त पडतं. भावाशी भांडण झालं की सूर्य मावळायच्या आत मिटवायचं, हे ठीक. पण मिटवायला आधी जायचं ते बहुतेक वेळा बहिणीने. हीच सवय ती पुढे सासरी नेते आणि मार खाऊनही क्षमा करत राहते. पुढच्या पिढीच्या आयांनी हा धडा दुरुस्त केला पाहिजे, आणि पाळकांनी व्यासपीठावरून त्यांना साथ दिली पाहिजे.

नाताळच्या सणाला मात्र दोष काढायला जागा नाही. तुमच्याकडे दिवाळीला तळण असतं, तेच या घरांत डिसेंबरात असतं: करंज्या, चकल्या, शंकरपाळी, अनारसे. गोव्यात शेजाऱ्यांकडे कोंसुआदीचं, म्हणजे नाताळच्या गोडधोडाचं, ताट जातं, नगरला फराळाचं. ताट कुणाकडे आधी न्यायचं ते आई ठरवते, आणि ज्याच्याशी वर्षभर बोलणं नाही त्याचं दार बहुतेक पहिलं असतं. ते ताट घेऊन मुलालाच पाठवतात. बिचाऱ्याचे पाय जड होतात, पण जातो.

आता घरं पुण्या-मुंबईत गेली. शाळा इंग्रजी, शब्बाथशाळेची पुस्तकं इंग्रजी, जेवणाआधीची प्रार्थनाही इंग्रजी झाली. आई नोकरीवरून सातला येते, रोजचं वचन व्हॉट्सअ‍ॅपवर येतं आणि अंगठ्याने पुढे जातं. त्याचं मला फार दुःख नाही; काळ बदलला तर पद्धत बदलणारच. राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. ‘हल्लीच्या आया मुलांना काही शिकवत नाहीत’ असं मंडळीत म्हणतात ते पुरुष. पिढ्यान्‌पिढ्या हे काम बायकांवर सोडून बाप पुढच्या बाकावर जाऊन बसला. तेव्हा ख्रिस्ती बापांना एवढंच सांगणं आहे: आठवड्यातून तीन संध्याकाळी घरची प्रार्थना तुम्ही घ्या, मुलाचं वचन तुम्ही पाठ करून घ्या, आणि ते मराठीत घ्या.