घर भाड्याने द्यायचंय, पण घ्यायचं कुणाच्या नावावर?

चार जणींनी पैसे एकत्र करून एखादी सदनिका घ्यायची आणि ती भाड्याने द्यायची, असा विचार आता बऱ्याच जणी करतात. मग कुणीतरी सुचवतं, ‘कंपनीच्या नावावर घ्या, म्हणजे आपल्या अंगावर काही येत नाही.’ हे कितपत खरं आहे, ते आज पाहू.

आपल्याकडे यासाठी एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी, काढता येते. तिचा कायदा 2008 सालचा. किमान दोन भागीदार लागतात. घर एलएलपीच्या मालकीचं होतं आणि तिचं कर्ज थकलं तर भागीदारांच्या घरादाराला, दागिन्यांना सहसा हात लागत नाही. मात्र बँक कर्ज देताना भागीदारांची वैयक्तिक हमी मागते. त्या कागदावर सही केलीत की तेवढ्यापुरतं हे कवच गेलं. स्वतःच्या हातून झालेल्या गैरकृत्यालाही ते लागू नाही.

आता कराचं बघू. समजा, महिन्याला 10,000 रुपये भाडं आहे. वर्षाचे झाले 1,20,000. त्यातून घरपट्टीचे 10,000 गेले. उरलेल्या 1,10,000 वर दुरुस्ती वगैरेसाठी 30 टक्के वजावट मिळते. करपात्र राहिले 77,000. घर चौघींच्या नावावर असेल आणि प्रत्येकीचा हिस्सा खरेदीखतात लिहिलेला असेल, तर ही रक्कम चौघींत वाटली जाते. 2025-26 या वर्षी नव्या कररचनेत 12 लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर पडत नाही, म्हणजे बहुतेकींना शून्य कर. एलएलपीला मात्र पहिल्या रुपयापासून 30 टक्के कर आणि वर उपकर. त्याच 77,000 वर सुमारे 24,000 रुपये जातील.

शिवाय महाराष्ट्रात फक्त महिलांच्या नावावर राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. 30 लाखांच्या घराला 30,000 रुपये वाचतात. एलएलपीच्या नावाने घेतलं तर ही सवलत नाही.

एलएलपीचं दरवर्षीचं कामही असतं. 30 मेपर्यंत एक विवरणपत्र, 30 ऑक्टोबरपर्यंत दुसरं, आणि आयकराचं वेगळं. एक रुपयाही भाडं आलं नाही तरी ती भरावीच लागतात. जितका उशीर, तितकं जादा शुल्क. म्हणून घरातलं कुणी ‘नुसती सही कर, तुला नावाला भागीदार करतोय’ म्हणालं, तर थांबा. नियुक्त भागीदार म्हणून नाव लागलं की दंडाची जबाबदारीही तुमच्यावर येते.

मग एलएलपी घ्यायचीच नाही का? तसं नाही. घरं अनेक असतील, भागीदार बदलत राहणार असतील, तर ती सोयीची ठरते, कारण भागीदार बदलली तरी मालक एलएलपीच राहते. पण करारनामा नीट हवा. कुणी किती पैसे घातले, नफा कसा वाटायचा, एखादी बाहेर पडली किंवा वारली तर तिचा वाटा कुणाला आणि कसा द्यायचा, हे सगळं लिहून घ्या. करारात काही लिहिलं नसेल तर कायदा सगळ्यांचे वाटे समान धरतो. मग तुम्ही दहा लाख घातलेत आणि दुसरीने दोन, याला अर्थ उरत नाही.

तेव्हा एकच घर असेल, तर आधी स्वतःच्या नावाचा विचार करा. करारनामा वाचल्याशिवाय सही करू नका, आणि सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत आपल्याच कपाटात ठेवा.