पुण्याच्या जुन्या पेठा व दप्तरांचें मूळस्थान

पुण्याच्या जुन्या पेठांत राहण्याचें सुख वाड्याच्या ओसरींत व चौकांतल्या गारव्यांत आहे, तसेंच तें तेथील नांवांतही आहे. संशोधकास तर हें दुसरें सुख अधिक मोलाचें वाटावें. शनिवार पेठेचें पूर्वीचें नांव मुर्तजाबाद व गुरुवार पेठेचें वेताळ पेठ होतें. सदाशिव पेठ सदाशिवरावभाऊंच्या व नारायण पेठ नारायणराव पेशव्यांच्या नांवानें ओळखली जाते. कात्रजच्या तलावाचें पाणी नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत बांधीव नळानें शहरांत आलें व त्यावर जागोजाग हौद झाले. पत्र्या मारुती, जिलब्या मारुती, काळा हौद हीं नांवें पेठकरांच्या तोंडीं आजही आहेत. एखाद्या मोडी कागदांत "हौदानजीकचें घर" एवढाच उल्लेख असला, तर कोशापेक्षां त्या आळींतील वृद्ध गृहस्थच अधिक उपयोगी पडतात.

हें साधन मात्र झपाट्यानें नाहींसें होत आहे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून नदीकांठच्या पेठांतील कित्येक घरें पडलीं. १९४७ च्या भाडेनियंत्रणाच्या कायद्यानें भाडीं गोठलीं. त्यामुळें दुरुस्ती मालकास परवडेना व भाडेकरूही ती करीना. पुढें जमिनीचा भाव वाढला आणि वाड्यांच्या जागीं बहुमजली इमारती उठूं लागल्या. वाडा उतरवितांना माळ्यावरचे रुमाल बाहेर येतात. त्यांतील कांहीं रद्दींत जातात व कांहीं संग्राहकांच्या हातीं लागतात. परंतु ते कोणत्या वाड्यांतले हें नोंदलेलें नसेल, तर कागद वांचूनही त्याचा अर्धा अर्थ बुडतो. घराण्याचें नांव नसलेली देण्याघेण्याची याद, वाडा ठाऊक असतां त्या घराण्याच्या इतिहासांत बसते; नसतां ती नुसती आंकड्यांची यादी उरते.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, रुमाल सोडण्यापूर्वीं पेठ, आळी, वाड्याचें प्रचलित नांव, शेजारचें देऊळ अथवा हौद आणि दप्तर कोणत्या दालनांत होतें, हें टिपून ठेवावें. रुमालांचा मूळ क्रम मोडूं नये व दोन घरांचे कागद एकत्र करूं नयेत. वाड्याचा साधा नकाशा काढून दप्तरासोबत ठेवावा. एवढ्यास एक दुपार पुरते. वाडा एकदां जमीनदोस्त झाला म्हणजे ही माहिती पुढें कोणासही मिळवितां येत नाहीं.