गावची बाग सुधारायची आहे? आधी तिथं कोण येत नाही ते मोजा

गावातली सार्वजनिक बाग सुधारायची म्हणून तरुण एकत्र आले की पहिल्याच बैठकीत यादी तयार होते. पेव्हर ब्लॉक, ओपन जिम, सेल्फी पॉइंट, हायमास्ट दिवा, प्रवेशद्वाराला कमान. उत्साह खरा असतो, श्रमदानाची तयारी असते, वर्गणीही जमते. चिंचणी, तारापूर, बोईसर या पट्ट्यात काम करताना अशा बैठकांना मी बसले आहे. यादीतल्या वस्तू वाईट नसतात, पण यादीच्या आधीचं एक काम बहुतेक वेळा राहून जातं.

मला ते चुकून शिकायला मिळालं. एका बागेच्या सुधारणेत मी स्वयंसेवक होते. रंगरंगोटी झाली, कुंपण झालं, फाटकाला कुलूप आलं आणि सकाळ-संध्याकाळची वेळ ठरली. त्याआधी मासळी विकून परतणाऱ्या बाया दुपारी तिथल्या झाडाखाली बसून भाकरी खायच्या. आमच्या वेळापत्रकात दुपारच नव्हती. त्यांना कुणी हाकललं नाही, कुणी जात विचारली नाही. त्या फक्त यायच्या बंद झाल्या, आणि हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात यायला बरेच महिने गेले.

सार्वजनिक जागेचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या, असं त्यात होतं. महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो लोकांसह तळ्यापर्यंत चालत जावं लागलं. जागा कागदावर खुली असणं आणि माणूस तिथं निर्धास्त बसू शकणं, यांतलं अंतर महाडनं दाखवलं. पुढं संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, रस्ते यांच्यासोबत सार्वजनिक वावराच्या जागाही आल्या. सरकारी निधीतून राखलेली बाग ही अशीच जागा आहे. म्हणून तिच्या आराखड्यात बाकांच्या संख्येआधी बाकांवर कोण बसणार हे यायला हवं.

पहिली पायरी: मोजणी. सात दिवस, दिवसातून चार वेळा बागेत जा: सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी पाच, रात्री आठ. दर वेळी अर्धा तास थांबून पुरुष, बाया, मुलगे, मुली, म्हातारी माणसं अशा रकान्यांत रेघा मारा. नाव किंवा जात कुणालाही विचारू नका. आठवड्याअखेर कोणता रकाना कोणत्या वेळी रिकामा राहतो, ते समोर येईल.

दुसरी पायरी: न येणाऱ्यांकडे जाणं. आपल्याच जिल्ह्यात सोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये सापडला. पूर्वीचे राजे मौजेसाठी आणि शिकारीसाठी विहारयात्रा करत. अशोकानं त्याऐवजी धम्मयात्रा सुरू केली, वृद्धांना आणि गावोगावच्या लोकांना भेटून तो विचारपूस करू लागला, असा त्या लेखाचा आशय आहे. आपणही तेच करायचं. बुद्धवाडा, आदिवासी पाडे, कोळीवाडा, भाड्याच्या खोल्यांत राहणारे कंपनी कामगार यांच्याकडे जाऊन दोनच प्रश्न विचारायचे: बागेत का येत नाही? काय असलं तर याल? मुलींची उत्तरं मुलींनीच विचारून घ्यावीत. "संडास नाही", "अंधार असतो", "तिथं पोरं दारू पितात" ही वाक्यं पुरुषांच्या बैठकीत सहसा येत नाहीत.

तिसरी पायरी: जमीन कुणाची? सात-बारा उतारा काढा. जागा ग्रामपंचायतीची, महसूल विभागाची, वनखात्याची की खासगी, हे कळल्याशिवाय खड्डासुद्धा खणू नये. किनाऱ्याजवळची जागा असेल तर ती सागरी किनारा नियमन क्षेत्रात येते का, ते नकाशावर पाहावं लागतं. तिथं पक्क्या बांधकामावर निर्बंध आहेत. शिवाय चिंचणी डहाणू तालुक्यात आहे आणि हा तालुका केंद्र सरकारनं २० जून १९९१ च्या अधिसूचनेनं पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवलेला आहे. हिरवे पट्टे, बागायती आणि आदिवासी क्षेत्रं यांचा जमीनवापर बदलू नये, हे त्यात आहे. सिमेंट कमी आणि झाडं जास्त, हा आराखडा इथं कायद्यालाही धरून होतो.

चौथी पायरी: आराखडा. खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजतं. ओपन जिमची यंत्रं, घसरगुंडी, झोपाळे बसवण्याआधी त्यांचा रंग आणि दुरुस्ती दरवर्षी कोण करणार, ते लिहून ठेवा. दगडी कट्टे जास्त टिकतात. किनाऱ्याच्या वाऱ्यात करंज, उंडी, भेंड तग धरतात. सावलीसाठी वड, पिंपळ, चिंच, जांभूळ आहेतच. जवळच्या तारापूर औद्योगिक पट्ट्याचा क्रमांक केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात देशात पहिला होता. त्यामुळं जुनं एकही झाड तोडू नका आणि बोअरचं पाणी पिण्यासाठी ठेवणार असाल तर आधी तपासून घ्या. फाटकाशी पायरीऐवजी उतार करा: एक फूट उंचीला बारा फूट लांब. व्हीलचेअर, बाळाची गाडी आणि आजीची काठी, सगळ्यांना तो चालतो.

पाचवी पायरी: ग्रामसभा. स्वयंसेवकांचा आराखडा कितीही चांगला असला तरी तो ग्रामसभेत मंजूर होऊन गावाच्या वार्षिक विकास आराखड्यात जायला हवा. त्याआधी होणाऱ्या महिला ग्रामसभेत तो पहिल्यांदा मांडा. डहाणू तालुका अनुसूचित क्षेत्रात असल्यानं इथं पेसा कायदा लागू आहे आणि ग्रामसभेचे अधिकार मोठे आहेत.

निधीबाबत मात्र सावध राहा. पेसाचा पाच टक्के अबंध निधी आदिवासी उपयोजनेतून येतो, त्यावर पाड्यांच्या गरजांचा पहिला हक्क आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकासाचा निधी वस्तीतल्या कामांसाठी असतो. वस्तीतलं गटार उघडं ठेवून तो पैसा गावच्या बागेच्या कमानीवर जात असेल, तर तिथं उभं राहून प्रश्न विचारणं हे आपलं काम आहे. बाग सगळ्या गावाची आहे, तेव्हा तिचा खर्च गावाच्या सर्वसाधारण निधीतून मागा.

सहावी पायरी: परत मोजणी. काम झाल्यावर सहा महिन्यांनी तोच तक्ता, त्याच चार वेळा. रकाने भरले असतील तर सुधारणा झाली. एखादा रकाना पूर्वीपेक्षा रिकामा झाला असेल, तर नवीन काय आलं ज्यामुळं ती माणसं गेली, ते शोधा. आमच्या बाबतीत ते एक कुलूप होतं. फाटक दिवसभर उघडं ठेवायचं ठरवायला एकच बैठक लागली. पण त्या बाया परत याव्यात म्हणून बाजारात जाऊन त्यांना सांगावं लागलं, तेही दोनदा. काही आल्या, सगळ्या आल्या नाहीत.

येत्या रविवारी दुपारी बारा वाजता आपल्या गावच्या बागेत जाऊन बसा. सोबत एक वही आणि पेन पुरे.