मुलांसाठी बॅडमिंटनची रॅकेट घेताना



गट ऑफिसात बेणं-खताचं विचारायला येणारे सभासद हल्ली मुलांच्या रॅकेटबद्दलही विचारतात. महाग ती चांगली, असं समजून घेतली आणि पोराचा खांदा धरला, तर खेळच सुटतो. म्हणून ही थोडी माहिती देत आहोत.

वजनाची खूण बऱ्याच रॅकेटवर मुठीच्या वर छापलेली असते. ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४, ५यू म्हणजे ७५ ते ७९. आकडा वाढला की वजन घटतं.

दुसरी गोष्ट तोलाची. रॅकेट बोटावर आडवी तोलावी व मुठीच्या टोकापासून बोटापर्यंत मोजावं. साधारण २८५ ते २९५ मिलिमीटर भरलं तर समतोल, जास्त भरलं तर डोकं जड, कमी भरलं तर हलकं.

कुऱ्हाडीचं वजन पात्याकडे असतं, म्हणून घाव खोल बसतो. तसंच जड डोक्याच्या रॅकेटनं स्मॅश जोरात जातो, पण हात लवकर दमतो. दुहेरीत जाळ्याजवळ खेळणाऱ्याला हलकं डोकं बरं. ते झटकन फिरतं.

नवशिक्यानं ४यू, समतोल रॅकेट घ्यावी. मुठीवर जादा पट्टी गुंडाळल्यास तोल मुठीकडे सरकतो, हेही ध्यानात ठेवावं.

जमीन पाहून बेणं निवडतो, तशी हात पाहून रॅकेट निवडावी.